वैभवाचे थर

मिस्त्री आयुष्यभर छतंच करत आला. भिंती कुणीही लिंपाव्यात, छताला मात्र मान मोडून घ्यायची तयारी लागते, असं तो म्हणायचा. त्याची मान खरंच मोडल्यासारखी झाली होती. बोलताना तो समोरच्याच्या डोक्यावर वीतभर उंच बघायचा. नव्या माणसाला वाटायचं, याला आपल्याशी ओळख वाढवायची नाही.

‘दोन पिढ्या लोकांच्या घरांना चुना लावतायत आणि वर त्याचा अभिमान,’ असं त्याची बायको पाहुण्यांना सांगायची. पण अभिमानाचं कारण तिलाही ठाऊक होतं. शहराच्या जुन्या भागात एक महाल होता. त्यातल्या मोठ्या दालनाचं छत मिस्त्रीच्या वडिलांनी, अण्णांनी केलं होतं. द्राक्षांचे घोस, ओसंडणाऱ्या कुंड्या, शंख, फिती, सगळं चुन्यात घडवलेलं आणि त्यावर सोन्याचा वर्ख. महाल तेव्हा एका व्यापाऱ्याने नुकताच घेतला होता. नवी श्रीमंती होती आणि ती लोकांच्या डोळ्यांत भरावी याची त्याला घाई होती. आत पाऊल टाकणाऱ्याची वाचा बसली पाहिजे, एवढंच त्याने अण्णांना सांगितलं होतं. तीन वर्षं लागली. शेवटचे आठ महिने मिस्त्रीही वर्ख लावायला वडिलांच्या शेजारी फळीवर उताणा पडलेला असायचा. लग्न नवं होतं. घरी गेला की बायको त्याच्या केसांतलं सोनं विंचरून काढायची.

अण्णांना जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांच्या मागे ते छत होतं, आणि मिस्त्रीला तेवढं पुरेसं होतं. लेक लहान असताना तो तिला महालात घेऊन जायचा, फरशीवर आडवं पडायला लावायचा आणि म्हणायचा, ‘बघ, तुझे आजोबा.’ ती पुढे इमारतींचे नकाशे काढायला शिकली, मोठ्या कचेरीत लागली. हे सगळं त्या फरशीवर पडण्यामुळेच झालं, अशी त्याची समजूत होती.

महाल एका हॉटेलवाल्याने घेतला आणि दालनाचं काम लेकीच्याच कचेरीला मिळालं. ती घरी आली ती शब्द जुळवूनच आली होती. तिने सांगितलं की दिवस बदललेत. पूर्वी ज्याच्याकडे होतं तो ते मांडून दाखवायचा, आता ज्याच्याकडे खरंच आहे तो काही दाखवत नाही. सोनं तर आता लग्नाच्या हॉलमध्येही असतं. मालकाला उंची हवी होती, उजेड हवा होता आणि डोक्यावर कोरं पांढरं छत.

‘आणि अण्णांचं?’ मिस्त्रीने विचारलं.

‘काढावं लागेल, बाबा.’

ते न फोडता उतरवणारा दुसरा कुणी माहीत नाही, म्हणून तुमच्याकडे आले, असंही ती म्हणाली. मिस्त्री चार दिवस तिच्याशी बोलला नाही. शेवटी बायकोच म्हणाली की तुम्ही नाही गेलात तर कुणीतरी हातोडा घेऊन जाईल, मग बसा रडत. तो गेला.

बारीक करवतीने तो एकेक घोस कापायचा, कापसात गुंडाळायचा, खोक्यात ठेवायचा. खोक्यांवर आकडे घालायचा. ती कुठे जाणार हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं. अकराव्या दिवशी दुपारी मधली मोठी कुंडी सुटली ती मागचा गिलावा घेऊनच. मागे निळा रंग दिसला.

अण्णा नेहमी सांगायचे की त्या छताला आधी काही नव्हतं, नुसता काजळलेला चुना होता. मिस्त्रीने ओल्या फडक्याने धूळ पुसली. निळं आभाळ. त्याखाली मिरवणूक. कुणा सरदाराची असावी. तो घोड्यावर होता, पण चितारणाऱ्याचा जीव त्याच्यात नव्हता. जीव होता मागच्या गर्दीत. पातेलं खांद्यावर घेतलेला एक लठ्ठ आचारी होता, घोड्याचा पाय हातात धरून बसलेला नालबंद होता, पोर कडेवर घेऊन कुणाला तरी दटावणारी बाई होती. माणसं खरी होती. बाजारात भेटतील अशी.

आणि नालबंद सोडला तर प्रत्येकाच्या तोंडावर टाचे होते. नवा गिलावा धरावा म्हणून जुन्या भिंतीला टोकदार हातोडीने खड्डे पाडतात, ते टाचे. आचाऱ्याच्या एकट्या चेहऱ्यावर वीस-बावीस तरी असतील. सगळे उजवीकडे कललेले. अण्णा डावखुरे होते. त्या शहरात डाव्या हाताने हातोडी चालवणारा दुसरा गवंडी नव्हता, आणि असता तरी मिस्त्रीने वडिलांचा हात ओळखला असता. हात सावकाश चालला होता, एकसारखा, एकही घाव चुकलेला नव्हता. अण्णांनी ते चित्र नीट पाहिलं होतं.

तो फळीवरच बसून राहिला. खालून कुणीतरी चहा आणल्याचं ओरडलं, तो टाचे मोजत होता.

लेकीने पुराणवस्तूंच्या खात्यातून एका तज्ज्ञ बाईंना बोलावलं. बाई परांचीवर चढल्या आणि अर्धा तास नुसत्या बघत राहिल्या. मग एका कोपऱ्यात सुटलेला रंगाचा पोपडा नखाने बाजूला करून त्यांनी आणखी खालचा थर दाखवला. तो काचेसारखा घोटलेला पांढरा चुना होता. त्यांनी समजावून सांगितलं की महाल बांधणाऱ्याच्या काळी हेच वैभव होतं. शेकडो हातांनी वर्ष-वर्ष छत घासत राहायचं आणि खाली दिवा लावला की तो छतात दिसायचा. पुढे आलेल्यांना चाकर-माणसांचा ताफा म्हणजे थाट वाटला, त्यांनी माणसं रंगवून घेतली. त्यानंतर सोनं आलं.

‘आणि आता परत पांढरं,’ मिस्त्री म्हणाला.

‘हो, पण या वेळी घासणारे हात नकोत, मशीन आहे,’ बाई हसून म्हणाल्या. मग त्यांनी आचाऱ्याच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि त्यांचा आवाज बदलला. ‘ज्याने कुणी हे केलं ना, त्याला डोळे नव्हते. कसाई होता तो.’

लेक शेजारीच उभी होती. डावखुऱ्या आजोबांच्या मांडीवर बसून ती चित्रं काढायला शिकली होती. तिने टाच्यांकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि हातातल्या वहीत काहीतरी लिहू लागली. मिस्त्रीनेही तोंड उघडलं नाही.

बाई गेल्यावर तो खाली उतरून तिच्यापाशी गेला.

‘तुझे आजोबा कसाई होते?’

‘मी असं म्हटलं नाही.’

‘ते तसे नव्हते असंही म्हणाली नाहीस.’

‘तुम्हीसुद्धा गप्पच होतात, बाबा,’ ती म्हणाली.

हॉटेलवाल्याला चित्र सापडल्याचा फार आनंद झाला. पण अख्खं चित्र त्याला नको होतं. पाहुण्यांना डोक्यावर इतकी माणसं आवडणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्याने तोडगा काढला. मिरवणुकीतला हातभर चौकोन, सोन्याच्या घोसाचा हातभर चौकोन आणि घोटलेल्या चुन्याचा तेवढाच, असे तीन तुकडे प्रवेशाच्या भिंतीत काचेआड बसवायचे आणि खाली पाट्या लावायच्या. बाकी सगळं पांढरं. तज्ज्ञ बाईंनी पत्रं लिहिली. चित्राखाली वेगळं छत टांगा, निदान चित्र वर शाबूत राहील, असं त्या विनवत होत्या. मालक म्हणाला की त्याने दीड हात उंची जाईल, आणि उंची हाच तर त्याचा माल. म्हणजे गिलावा थेट चित्रावर करायचा. चित्राचा रंग घोटून गुळगुळीत केलेला होता, त्यावर गिलावा थांबला नसता. टाचे मारणं आलं. अण्णांनी जिथे मारले नव्हते, तिथेही.

इतकं सपाट छत करणारा मिस्त्रीशिवाय दुसरा नव्हता. त्याला नाही म्हणता आलं असतं. बायकोने तर या खेपेला सरळ सांगितलं की घरी बसा, कुणी नावं ठेवणार नाही. पण तो गेला. आपण का जातोय हे त्याने तिला सांगितलं नाही. दुसऱ्या कुणी मारले असते तर ते वेडेवाकडे पडले असते, एवढंच त्याला वाटत होतं, आणि हे कारण बोलून दाखवायची त्याला लाज वाटत होती.

नालबंद अजून कोरा होता. मिस्त्रीने टोकदार हातोडी उचलली आणि पहिला घाव नालबंदाच्या कपाळावर घातला. दगडासारखा टणक आवाज आला आणि निळी-तपकिरी पूड त्याच्या पापण्यांवर पडली. दुसरा, तिसरा. दहाव्या घावानंतर हात लयीत आला आणि मग त्याला चेहरे दिसेनासे झाले. दिसत होती ती नुसती जागा, जी भरायची होती. अण्णांनाही असंच झालं असेल. हे कळून त्याला बरं वाटलं नाही. उलट वडिलांवर राग धरायची जी एक सोय होती, तीही गेली.

पाट्या लिहायची वेळ आली तेव्हा लेकीने फोन केला. सोन्याच्या तुकड्याखाली आजोबांचं नाव घालू का, असं तिने विचारलं.

‘घाल,’ तो म्हणाला. ‘पण मग चित्राच्या पाटीवरही घाल. टाचे कुणी मारले ते लिही. आणि त्याखाली माझंही नाव लिही.’

 ती म्हणाली, बघते.

उद्घाटनाला तो गेला. कपडे इस्त्रीचे घातले होते. दालन मोठं झाल्यासारखं दिसत होतं, आणि छत खरंच निर्दोष झालं होतं. कुठे सावलीचाही डाग नव्हता. लोक आत येत, आवाज खाली आणत, वर बघत आणि काहीच न दिसल्याचं कौतुक करत. लेकीभोवती माणसांचा गराडा होता. तिने लांबून हात केला, त्यानेही केला.

बाहेर पडताना त्याने काचेआडच्या तीन चौकोनांखालच्या पाट्या वाचल्या. तिन्हींवर वर्षं होती, मालकांची नावं होती आणि शेवटी एकच ओळ होती: कारागीर अज्ञात. मागे एक जोडपं थांबलं होतं, त्यांनाही वाचायचं होतं. तो बाजूला झाला.