जाळलेली काठी

सहावीच्या मुलींना यमुताईंनी सांगून टाकलं होतं, की यंदा इतिहास पाठ करायचा नाही, अंगावर घालायचा. जानेवारीच्या स्नेहसंमेलनात वर्ग शंभर वर्षांमागचं गाव उभं करणार होता. एका गटानं मातीचं गाव बनवायचं, एकानं गावात कोण काय काम करी त्याचे तक्ते रंगवायचे, आणि उरलेल्या बारा जणींनी तेच गाव स्टेजवर आणायचं. कपडे, भांडी, हत्यारं, सगळं घरचं. "विकत आणलेलं दिसलं तर गुण कापीन," बाई म्हणाल्या. "घरात शोधा. खाटेखाली शोधा, आजीच्या पेटीत शोधा."

कामं चिठ्ठ्या टाकून वाटली. जयाच्या चिठ्ठीत येसकर निघाला.

येसकर म्हणजे वेशीशी बसून गाव राखणारा, दवंडी देणारा, सरकारी कागद या गावातून त्या गावात पोचवणारा आणि त्याच्या बदल्यात दारोदार शिळी भाकर मागणारा महार. जयाचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. हे ध्यानात आलं तशा यमुताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "हवं तर चिठ्ठी बदलू, जया," म्हणाल्या. जयानं चिठ्ठी मुठीत आवळून धरली.

"तुले दुसरं काही नाही भेटलं काय वं?" घरी कौशल्यानं विचारलं. तिच्या मांडीवर तान्हा होता आणि समोर परातीत पीठ.

"पाटलीनबाईले तीनच वाक्यं हायेत, आई. मले चौदा. अन् पहिलं माह्यंच हाये."

"भाकर मागाची हाये म्हणते त्यात."

"ते दोन वाक्यांत होऊन जाते. बाकी मी साऱ्या गावाले ओरडून सांगते. मी आली का पाटीलही चूप बसते."

कौशल्याला हसू आलं, पण पूर्ण आलं नाही. मामाजी घरी असते तर तिनं त्यांना विचारलं असतं. सासरे, देवराव, पुतणीच्या लग्नाला मौद्याकडे गेले होते, ते थेट संमेलनाच्या दिवशी परतणार होते. नवऱ्याला, रविंद्रला, विचारून उपयोग नव्हता. हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी करून आलेला माणूस ताटावरच पेंगायचा. मग तिनं स्वतःच ठरवलं, की मामाजींना आवडेलच. येसकराची गोष्ट त्यांच्याएवढी कोण सांगत होतं?

वस्तीतल्या विहारात दर रविवारी देवराव पोरांना घेऊन बसत. बावीस वर्षं त्यांनी पोरांना तीच एक गोष्ट सांगितली होती आणि पोरं बावीस वर्षं ती मागत होती. बाप येसकर, आजा येसकर. दीक्षा घेऊन गावी परतल्यावर सगळ्यांनी मिळून घरातले देव कन्हान नदीत बुडवले. "अन् येसकराची काठी," इथं देवराव थांबायचे, "ते म्या एकट्यानं नदीवर नेली, जाळली अन् राख पाण्यात सोडली." पोरं टाळ्या वाजवायची. कौशल्या लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याची ओळख तिला अशीच करून दिली होती, काठी जाळणारे देवराव. बाहेरगावची माणसंही पायाशी वाकायची ती त्या एका कामासाठी.

संमेलनाच्या दोन दिवस आधी ती घोंगडी शोधायला म्हणून टिनाखालच्या फळीवर चढली. घोंगडी मिळाली नाही. पार मागे, तरटात गुंडाळलेली, एक काठी मिळाली. पुरुषभर उंच, हाताळून हाताळून काळी झालेली. टोकाला लोखंडाच्या तीन कड्या. मधोमध तडा गेलेला, त्यावर तांब्याची तार घट्ट बांधलेली. तिनं ती फरशीवर आपटून पाहिली. कड्या खणाणल्या आणि झोळीतला तान्हा दचकून हसला.

हे घर त्यांनी एका गाडीवानाकडून घेतलं होतं. त्याचीच राहिली असेल, बैल हाकायची. येसकराची काठी तर जळाली होती, मामाजींनी सांगितलं होतं. ही ती असू शकेल, असं तिच्या मनाला शिवलंही नाही. तिनं काठी राखेनं घासली, लेकराच्या मालिशचं खोबरेल चोपडलं आणि ऊन दाखवलं. संध्याकाळी शाळेतून आलेल्या जयानं ती हातात घेतली ती जेवतानाही खाली ठेवली नाही.

संमेलनाच्या दुपारी मांडव भरला. बायका एका अंगाला, माणसं एका अंगाला. कौशल्याच्या शेजारी भीमाबाई बसली होती, देवरावांच्याच गावची, सत्तरी ओलांडलेली, कानानं जड. पुढं विहाराचे अध्यक्ष बाबाराव होते. देवराव बसस्टँडवरून थेट आले, हातात पिशवी, धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा. बाबारावांनी सरकून जागा दिली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "या. पहिलं वाक्य तुमच्या नातीचंच हाये म्हणतात."

पडदा सरकला. स्टेजवर कोणी नव्हतं. आधी नुसता आवाज आला, आतून, कड्यांचा. खण, खण, खण.

कौशल्याला सासऱ्यांची पाठ दिसत होती. ती पाठ पहिल्या खणखणाटालाच ताठ झाली.

मग जया आली. खांद्यावर बापाची जुनी चादर, कमरेला दोरी. मधोमध उभी राहून तिनं काठी फळ्यांवर आपटली आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडली, "ऐका हो गावकरी, ऐका." मांडव गप्प झाला. खरंच गप्प झाला, ती म्हणाली होती तसा.

त्या शांततेत भीमाबाई बोलली. "हे तं धोंडबाची काठी होय."

"कोणाची?" कौशल्यानं तिच्या कानाशी वाकून विचारलं.

"तुह्या सासऱ्याच्या बापाची. ते तार पाह्य मंधातली. पाटलाच्या पोरानं त्याचीच काठी त्याच्याच पाठीत घातली होती, तवा तडकली. माह्या मामानं तार बांधून देली." बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. तिनं थोडा वेळ विचार केला आणि तितक्याच मोकळेपणी म्हणाली, "पण देवरावनं तं जाळली होती ना वं?"

चार रांगांनी ऐकलं. बायकांच्या अंगाकडून ते माणसांच्या अंगाला जायला जयाचं तिसरं वाक्यही लागलं नाही. बाबारावांनी एकदा स्टेजकडे पाहिलं, एकदा देवरावांकडे. मग देवरावांच्या खांद्यावरचा हात काढून आपल्या गुडघ्यावर ठेवला.

पोरीनं चौदाही वाक्यं बिनचूक म्हटली. भाकर मागताना आवाज असा पाडला, की यमुताईंनी पदर डोळ्यांना लावला. वर्गाच्या गावाला पहिला नंबर मिळाला. जया तशीच चादर सावरत पळत आली. "आबाजी, कशी झाली?"

"आवाज चांगला हाये तुहा," देवराव म्हणाले. काठीला त्यांनी हात लावला नाही. नातीनं ती पुढं केली, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौशल्या त्यांच्यापुढं चहा ठेवून उभी राहिली. "मामाजी, मी देली ते. मले वाटलं गाडीवानाची हाये."

"तुह्यं काय चुकलं? तू माह्या बोलण्यावर इश्वास ठेवला."

तिला वाटलं, आता ते उठून जातील. ते उठले नाहीत. बशीतला चहा निवत गेला. "देव बुडवाले काही वाटलं नाही पोरी. ते कधी बोललेच नव्हते माह्याशी. पण हे काठी धरून बाप चाळीस वर्सं चालला. तिच्याशिवाय त्याचं काहीच नव्हतं मांगं राह्यलेलं. नदीपर्यंत नेली, काडीबी ओढली. मंग असं वाटलं, का बापाले दुसऱ्या खेपेले जाळून राहिलो."

"मंग खरं काहून नाही सांगितलं?"

"सांगाले उभा राहिलो होतो. पुढं लहान लहान पोरं बसून. तोंडातून निघून गेलं, जाळली. पोरायनं टाळ्या वाजवल्या." त्यांनी बशी बाजूला सारली. "पुढच्या खेपेले काय सांगू मंग?"

संध्याकाळी बाबाराव आले. आवाज चढवला नाही, चहा घेतला, तान्ह्याच्या गालाला हात लावला. जाताना उंबऱ्यात म्हणाले, "देवराव, या रविवारपासून पोरायले मीच घेत जाईन म्हणतो. तुमालेबी आराम भेटन."

"हो," देवराव म्हणाले. "बरोबर हाये."

शनिवारी दुपारी त्यांनी सुनेला हाक मारली. काठी त्यांच्या पायाशी पडली होती. "चुलीत घाल. मले होत नाही."

कौशल्यानं ती अंगणात नेऊन कुऱ्हाडीनं तीन ठिकाणी तोडली. लाकूड जुनं, पण आतून अजून चिवट होतं, घाव उडायचा. तेल प्यालेले तुकडे भरकन पेटले. त्या जाळावर तिनं वरणाचं भांडं चढवलं, कारण चूल पेटलीच होती आणि लेकरांना जेवायचं होतं. देवराव पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले.

जया शाळेतून आली ती चुलीपाशीच थबकली. तिला कड्या दिसल्या, निखाऱ्यांत लाल झालेल्या.

"आई, ते यमुताईंनी शाळेच्या कपाटात ठेवाले मागितली होती. आबाजींचं नाव लिहून."

कौशल्यानं फुंकणी उचलली आणि फुंकत राहिली.

"वर्गातली वंदना म्हणते, तुहे आबाजी खोटं बोलत होते."

"हात धू. वाढते."

पोरगी रडली नाही. तिनं हात धुतले, पाटावर बसली आणि भातावर घेतलेलं वरण न कालवता तसंच पाहत राहिली. त्या दिवशी तिला भरवायला जावं असं कौशल्याला फार वाटलं, पण अकरा वर्षांच्या पोरीला भरवायचं कसं, आणि काय सांगत भरवायचं?

रविवारी देवरावांनी आंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि नेहमीच्या वेळेला विहाराकडे निघाले. कौशल्याला राहवलं नाही. तान्ह्याला कडेवर घेऊन ती मागोमाग गेली. बाबाराव पोरांपुढं बसले होते, तीस-पस्तीस पोरं, दुसऱ्या रांगेत जया. देवराव दारातच थांबले.

"बाबाराव, जाळली."

पोरांतून कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबारावांनी त्या बाजूला डोळे वटारले आणि देवरावांना आजाऱ्याशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणाले, "हो, हो. बसा ना देवराव."

"खरंच जाळली," कौशल्या मागून म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "काल म्या माह्या हातानं चुलीत घातली."

"तू सून हायेस, बाई," बाबाराव म्हणाले. त्यात टोचून बोलणं नव्हतं. "तू असंच म्हणशील. म्हणाचंच असते."

कौशल्यानं लेकीकडे पाहिलं. जयानं जळताना पाहिली होती, कड्या लाल झालेल्या पाहिल्या होत्या. चौदा वाक्यं मांडवभर ओरडणारी पोरगी. ती मान खाली घालून चटईची काडी उसवत राहिली.

देवरावांनी वहाणा काढल्या, सगळ्यात मागे, लहान पोरांच्या रांगेला जाऊन बसले आणि मांडी घातली. बाबारावांनी घसा खाकरून धडा पुढं चालू केला.