निकेलचा ट्रंबोन

धुळ्याच्या तोताराम मास्तरांच्या बँडमध्ये कौतिक ट्रंबोन वाजवायचा. वाजवायचा म्हणजे काय, छाती फोडून वाजवायचा. मग त्या छातीनंच दगा दिला. क्षयानं त्याला वर्षभर दवाखान्यात झोपवलं, आणि गल्लीतल्या शहाण्यांनी निकाल देऊन टाकला की हा गडी आता झांजा कुटणार. तोताराम मास्तरांनी, म्हणजे सगळ्यांच्या नानांनी, मात्र अख्खी लग्नसराई ट्रंबोनाविना काढली, पण कौतिकच्या जागी दुसरा माणूस उभा केला नाही. वर त्याच्या बायकोकडे, सुमनबाईकडे, दाणागोटा पोचवत राहिले. बँडवाला असून गाजावाजा केला नाही, हे विशेष.

कौतिक बरा झाला. डॉक्टरांनी फुंकायला परवानगी दिली, पण बेतानं म्हणाले. जुन्या ट्रंबोनची सरकती नळी पडून पडून पार अडकली होती. नाना त्याला एसटीनं जळगावला निर्मलकुमारच्या वाद्यांच्या दुकानी घेऊन गेले आणि म्हणाले की फुंकणार तू, तेव्हा निवड तूच कर.

दुकानात दोन नग होते. एक साध्या पितळेचा, अरुंद नळीचा, कसलाही मुलामा नसलेला. दुसरा रुंद नळीचा, थोराड तोंडाचा, निकेल चढवलेला; त्यात बघून दाढी करावी असा लखलखीत. कौतिकनं पितळेचा फुंकला. नळी तेलावर घसरली, तान पुरली आणि वर श्वास उरला. मग निकेलचा फुंकला, तर निम्म्या तानेतच डोळ्यांपुढे काजवे चमकले.

शेंबड्या पोरानंही पितळ उचललं असतं. पण कौतिकच्या डोक्यात उपकार बसले होते, आणि उपकार डोक्यात बसले की घोडं तिथंच पेंड खातं. धुळ्याचे शेठ लोक बँडला रस्त्यात उभं करून, गॅसबत्तीत वाद्यं कशी झळकतात ते पाहून सुपारी देतात. आपण रांगेत हे निकेलचं वाद्य घेऊन उभे राहिलो तर नानांकडे सुपाऱ्यांचा पाऊस पडेल, एवढाच त्यानं विचार केला. हेच हवं, म्हणाला. नानांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच बोलला.

पहिलीच मिरवणूक भिकमचंद शेठच्या मुलाची, गोरज मुहूर्ताची. आग्रा रोडवर बायका एकमेकींना त्या लखलखत्या ट्रंबोनकडे बोट दाखवत होत्या. गाणं वर चढलं आणि कौतिकचा दम तुटला. आवाज बारीक झाला, मग बंदच. बिचाऱ्यानं काय करावं? गाल फुगवून रिकामीच नळी पुढेमागे सरकवत राहिला. गर्दीला पत्ता लागला नाही. पुढे चालणाऱ्या नानांनी त्याची तान क्लॅरिनेटवर उचलली आणि वेळ निभावली. शेठ इतके खूश झाले की त्यांनी पुतण्याच्या लग्नाची सुपारीही तिथंच दिली.

कौतिक घरी आला तो ताटावर बसलाच नाही. आपण ज्या माणसाचं मीठ खाल्लं त्यालाच भर रस्त्यात फसवलं, असं सुमनबाईला सांगून रडला. ती म्हणाली की रडून काय होणार, नानांना जाऊन सांगा. पण सकाळी नानाच दारात उभे राहिले. ट्रंबोन घे, जळगावला जायचं, एवढंच बोलले. कौतिकनं मनाशी धरून टाकलं की वाद्य परत जाणार आणि आपली जागाही जाणार.

दुकानात नानांनी निकेलचा ट्रंबोन परत ठेवला आणि पितळेचा मागितला. निर्मलकुमारनं बजावलं की मास्तर, हा चार महिन्यांत काळा पडेल, गिऱ्हाईक नाक मुरडेल. कौतिकला राहवलं नाही.

"नाना, तेच राहू द्या. शेठनी चमक बघूनच सुपारी दिली. वाजवायला दुसरा बघा, मी झांजा धरतो. तुम्ही माझं घर जगवलंत, तुमचं नुकसान नाही करायचं मला."

नाना आपल्या अहिराणीवर उतरले.

"कौतिक, मी पुढे चालस. मनी पाठ तुम्हनाकडे ऱ्हास. तुन्हा ट्रंबोन चमकस का काळा शे, माले दिखत नही. माले नुसतं ऐकू येस. वरीसभर मनी पाठीमागे ती जागा मुकी व्हती. काल परत मुकी झायी, तवय मना जीव उडी गया."

कौतिकला हुंदका आवरेना. असा माणूस आपल्या वाट्याला आला, यासाठी कुठल्या देवाला नारळ फोडावा, ते त्याला कळेना. नानांनी त्याच्या हातात पितळेचा ट्रंबोन दिला आणि दुकानाच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"वाजाड," म्हणाले.

कौतिकनं डोळे पुसले आणि फुंकलं. कालची तुटलेली तान त्यानं शेवटपर्यंत नेली. नानांनी मागं वळून पाहिलं नाही. नुसती टोपी काढून हातात घेतली.