माणसाला विचार

तिने 'सारांश काढ' या चौकटीतून तार ओढली आणि 'माणसाला विचार' या चौकटीत सोडली. तार निळी झाली, मग सैल पडून लोंबली. कोड न लिहिता, चौकटी तारांनी जोडून एआयकडून काम करवून घ्यायचं हे अवजार तिने धाकट्या भावाबरोबर बनवलं होतं. उत्तराची वाट पाहणारी तार लोंबावी, ही कल्पना त्याची. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून सुचलेली.

"मॅडम, ही चौकट कायमची वाट बघते," नवी इंजिनिअर म्हणाली. "माणूस हो-नाही म्हणेपर्यंत पुढचं काही हलतच नाही. गिऱ्हाईकं वैतागलीत. तीस दिवसांची मुदत घालू. जुनं सगळं आपोआप बंद."

"माणसाला वेळ लागतो गं."

"तीस दिवस? तेवढ्यात लग्न मोडून पुन्हा जमतं."

ती हसली. माउसवरचा हात मात्र तसाच राहिला.

चौकट: धाकट्याला विचार
प्रश्न: परत येतोस का?
स्थिती: वाट पाहत आहे, ४२७ दिवस

ही चौकट तिने कुणाला दाखवली नव्हती. अवजार विकायचं नाही, असं तो म्हणाला होता, तिने विकलं. तो चपला घालून निघाला तो गेलाच. फोन आधी कुणी करायचा, यात दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी तिने फोनऐवजी ही चौकट मांडली. उत्तर आलं नाही. 'नाही' असंही आलं नाही. तेवढ्यावर तिचं चाललं होतं.

"घाल मुदत," ती शेवटी म्हणाली.

इंजिनिअर कोडच्या ओळी खाली सरकवत वाचत गेली आणि फिस्सकन हसली.

"हे कुणी लिहून ठेवलंय? 'ताई आणि मी सोडून सगळ्यांना सूचना पाठव. दिवसाला दोनशे सूचना, डोक्याला ताप.'"

चाचण्यांच्या दिवसांत दोघांचे फोन सारखे किणकिणत. तिनेच म्हटलं होतं, आधी आपल्या दोघांचे बंद कर बाबा.

म्हणजे प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

"अडकलेल्या एकशे बारा निघाल्या," इंजिनिअर यादी सरकवत म्हणाली. "सगळ्यांत जुन्या दोन तर तुमच्या घरच्याच दिसतायत."

"दोन?"

चौकट: ताईला विचार
प्रश्न: येऊ का?
स्थिती: वाट पाहत आहे, ४३१ दिवस

तिने आकडा पुन्हा वाचला. तिच्याही चार दिवस आधी.

"सगळ्या बंद करू ना, मॅडम?"

"थांब." तिने खुर्ची पुढे ओढली. "आधी ती ओळ काढ. सूचनांची."

"काढली."

प्रश्नाखाली दोन बटणं होती. तिने 'हो' दाबलं. लोंबती तार ताठ झाली आणि तिच्या टोकाची चौकट उजळली. धाकट्याने तिला नाव दिलं होतं:

चपला घाल.