मधल्या पाण्याची बाटली

मी बाटली बोलतेय. सरबताची नव्हे, तलावाच्या पाण्याचे नमुने घ्यायची. जाड काच, घट्ट बूच आणि पोटावर चिठ्ठी: ‘मध्य’. माझ्या जुळ्या बहिणीच्या पोटावर ‘काठ’. कारखान्यातून दोघी एकाच खोक्यात आलो आणि दुर्दैवाने एकाच माणसाच्या हाती पडलो.

हा माणूस पाणीखात्याचा नमुनेवाला. नावेत पाय ठेवायला हा घाबरतो. म्हणून दर सोमवारी तो काठाच्या शेवटच्या पायरीवर वाकायचा, तिथंच बहिणीला भरायचा, तिथंच मला, आणि रुमालाला हात पुसून चहाला जायचा. नऊ वर्षं मी ‘मध्य’ म्हणून मिरवत होते, पण मध्य म्हणाल तर डोळ्यांनी पाहिला नव्हता.

उथळ काठ बघून माणसं नाक मुरडतात. चिखल, कुजकी पानं, लव्हाळी. अहो, तलावाचं स्वयंपाकघर आहे ते! रात्री हे उथळ पाणी आधी गार होतं, जड होतं, आणि तळाच्या उतारावरून खोल पाण्याकडे घसरतं. जाताना कुजक्या पानांचा कस घेऊन जातं. दिवसा वाराही हातभार लावतो. त्या कसावर मधलं शेवाळ वाढतं, शेवाळावर बारीक जीव आणि त्यांच्यावर मासे. बुचाखाली कोंडलेल्या मला हे कळलं, पाणीखात्याच्या साहेबांना नाही.

साहेबांनी काय केलं, तर फिरायला येणाऱ्यांच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून उथळ आणि खोल पाण्याच्या मधून सलग भिंत घातली. आतलं काठाचं पाणी कोंडून नासलं. बाहेरचं उपाशी राहिलं.

नमुनेवाल्याच्या सासूबाई तलावाच्या मध्यात जाळं टाकून पोट भरायच्या. जाळं रिकामं येऊ लागलं.

“जावईबापू, मासाच राहिला नाही हो. भिंतीत पाण्याला वाट ठेवा म्हणावं साहेबांना.”

“कसं म्हणू? काठाचं आणि मधलं पाणी एकसारखं निघालंय, म्हणजे भिंतीने काही अडलेलं नाही. रिपोर्टच आहे तसा.”

निघेल नाहीतर काय! भिंतीच्या आतल्या त्या एकाच पायरीचं पाणी ते.

एका सोमवारी सासूबाईंनी जावयाचा हा पराक्रम मागे उभं राहून पाहिला. लेकीच्या संसाराकडे बघून त्याचं पितळ उघडं पाडलं नाही. फक्त मला त्याच्या हातातून काढून घेतलं, नावेत ठेवलं, मध्यात नेऊन भरलं आणि थेट साहेबांच्या टेबलावर उभं केलं. मला वाटलं, आता तरी खरं बोलायला मिळेल.

साहेबांनी मला उजेडात धरलं. “वा! आरशासारखं पाणी!”

“साहेब, उपाशी पाणी आहे ते. त्यात काही जगत नाही.”

“बाई, पाणी कधी उपाशी असतं का?” साहेब हसले. मागे उभा असलेला जावईही हसला. त्या हसण्याची मला सगळ्यात जास्त किळस आली.

तेव्हापासून मी याच टेबलावर आहे. नवी चिठ्ठी लागली आहे: ‘आपला स्वच्छ तलाव’. मला दाखवून साहेबांनी पलीकडच्या काठालाही भिंत मंजूर करून घेतली. सासूबाईंनी नाव विकायला काढली, पण मासे नसलेल्या तलावावर नाव घेतो कोण? नमुनेवाला रोज मला फडक्याने पुसतो आणि पाहुण्यांपुढे सरकवतो.

तुम्हीही कधी याल. कौतुक नका करू माझं. जाता जाता कोपराचा एक धक्का द्या, एवढं पुरे.