नुमा-लाच्या अलीकडे

यांगजी माझी मावसबहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. नेपाळातल्या डोल्पोच्या डोंगरवाटेवर तिला पहिल्यांदा मीच आणलं. ओझं कसं बांधायचं, कपाळावर पट्टा कुठे टेकवायचा, सगळं मी शिकवलं. पुढे ती काठमांडूला गेली, फ्रेंच शिकली, परीक्षा दिली आणि गाइड होऊन परत आली. मला वाचता येत नाही, म्हणून अठरा वर्षं झाली तरी मी हमालच. यंदा चार फ्रेंच पाहुणे होते. पुढे यांगजी, मागे तिचंही सामान पाठीवर घेऊन मी.

दो नावाच्या गावात ज्या म्हातारीकडे मी इतकी वर्षं उतरते, तिने चुलीजवळची जागा यांगजीला दिली. वर मला म्हणते, "तू काय गं नोर्झोम, घरचीच. सरक जरा." मी सरकले आणि सातूची वाटी घेऊन दाराशी जाऊन बसले.

पुढच्या टोक्यू गावात तर पोरींचा घोळकाच तिच्यामागे. एकीला मी विचारलं, "मोठी होऊन काय होणार गं?"

"यांगजी!" ती म्हणाली.

नुमा-ला खिंड चढायच्या दिवशी सकाळी यांगजीने लोण्याचा चहा तसाच ठेवला. पापण्या सुजलेल्या. बुटाची नाडी बांधताना बोटं तीनदा चुकली. लेक लागली होती तिला, उंचीची बाधा. मला एका नजरेत कळलं. दुसरं कोणी असतं तर हात धरून खाली बसवलं असतं. मी मुकाट्याने ओझं उचललं आणि मनात म्हटलं, चढ बाई. कळू दे तुझ्या पाहुण्यांना, कोण किती पाण्यात आहे ते.

खिंड अर्ध्या तासावर राहिली तेव्हा ती दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खायला लागली. म्हाताऱ्या पाहुणीने काही विचारलं, तर हिने उत्तर दिलं आमच्या बोलीत. पाहुण्यांना वाटलं, गंमत करतेय. ते हसले. मला जे बघायचं होतं ते समोर होतं, आणि मला ते बघवेना.

"जितमान, पाहुण्यांना मागे फिरव!" मी आचाऱ्याला ओरडून सांगितलं.

"दिदी, तू कधीपासून हुकूम सोडायला लागलीस?"

"आत्तापासून. फीर म्हणते ना!"

मी माझी टोपली दगडांवर रिकामी केली, यांगजीला तिच्यात बसवलं आणि पट्टा कपाळावर घेतला. तिचं तोंड खिंडीकडे, माझं उताराकडे. बरंच खाली आल्यावर तिला जरा शुद्ध आली.

"दिदी, तुला सकाळीच कळलं होतं ना?"

खोटं बोलायला दम उरला नव्हता. "हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं डोकं दुखत होतं. तू का नाही बोललीस?"

मग ती म्हणाली, "बोलले असते तर तू पुढे झाली असतीस. गावागावात तुला सगळे नावाने ओळखतात. मला बघायला येतात नि बसतात तुझ्याशी बोलत. मी जळते गं तुझ्यावर."

मला हसू आलं आणि रडूही. "गप बस," मी म्हटलं. "हलू नकोस, तोल जातो."

टोक्यूत दोन दिवसांत ती उठून बसली. पाहुण्यांना घेऊन पुढे मीच गेले. नुमा-ला, मग बागा-ला, दोन्ही खिंडी मी पार करून दिल्या. पण रोज मुक्कामाला त्यांचा पहिला प्रश्न यांगजीचाच. खिंडींपलीकडच्या रिंगमो गावात निरोप घेताना म्हाताऱ्या पाहुणीने अंगातलं लाल, आत पिसं भरलेलं जाकीट काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "यांगजी."

मी टोक्यूला परतले आणि ते तिला दिलं. त्याआधी वाटेत एकदा घालून पाहिलं होतं. मला खांद्यात अगदी बरोबर बसत होतं.