पिवळ्या बोक्याची काळी पोरं

मी एक काळी मांजर आहे. वसमतजवळच्या एका गावात, हळद पिकवणाऱ्या संतराम नावाच्या माणसाच्या घरी माझं आयुष्य गेलं. अशा गोष्टीत ऐकणाऱ्यांना 'मित्रांनो' म्हणायचा रिवाज आहे, म्हणून मीही म्हणते. पण आपली मैत्री वगैरे काही नाही. मी रस्ता ओलांडला की तुम्ही थांबता, थुंकता आणि मी जवळ आले की चप्पल उचलता. तेव्हा नुसतं ऐका.

माझा जन्म कडब्याच्या गंजीत झाला. संतरामच्या बायकोनं, सुमनबाईनं, मला उंदरांसाठी ठेवून घेतलं. हळदीची पोती कुरतडणारा एकही उंदीर मी सोडला नाही. कौतुक मात्र हळद्याचं झालं.

हळद्या हा घरचा पिवळा बोका. छाती पांढरी, बाकी अंग वाळल्या हळकुंडासारखं. या घराची एक पद्धत होती. हळद शिजवून, वाळवून, पॉलिशच्या ढोलात घोळून झाली की अंगणात रास लागायची, नारळ फुटायचा आणि हळद्याला उचलून राशीवर बसवायचे. पिवळं अंग राशीला शिवलं की बरकत येते, असं संतरामच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं. हळद्या तिथे झोपायचा. मला राशीजवळ फिरकायची बंदी होती, म्हणून मी झाडू पोहोचणार नाही इतक्या लांब बसायचे.

हळद्या म्हातारा व्हायला लागला तसा संतरामला घोर लागला. त्याच्या जागी कोण? परक्या घरचा बोका चालणार नव्हता. हळद्याचंच पोरगं पाहिजे आणि तेही पिवळंच पाहिजे. घरात मांजर म्हणून मीच होते, तेव्हा मला दूध मिळू लागलं. मला वाटलं, आता आपले दिवस आले. किती मूर्ख होते मी!

पहिल्या वेताला पोरगे झाले ते काळे आणि पोरी झाल्या त्या तिरंगी, काळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या ठिगळांच्या. सुमनबाईनं एकेकाची शेपटी वर करून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"पोरगे हायेत, पर सगळे काळे. पिवळं एक बी न्हाई."

"काहून?" संतराम ओट्यावरून ओरडला. "बाप तर हळद्या हाय ना?"

शेजारची चांगुणा कुंपणावरून बघत होती. "बाप कोण, त्ये तिलाच ठाव. शाळेमागचा काळा बोका रोज हिकडं येऊन राहिला की."

झालं. माझ्या अब्रूचा निकाल चांगुणानं उभ्या उभ्या लावला. मित्रांनो, मी कोणाकडे गेले नव्हते. आणि गेले असते तरी माझे पोरगे काळेच झाले असते, हे त्या शहाण्यांना ठाऊक नव्हतं. मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं, की माझ्यावर खोटा आळ आला आहे आणि मला बोलता येत नाही.

पोरं अजून माझ्या दुधावर होती, तेव्हाच सुमनबाईनं काळे पोरगे उचलून बारदानात घातले. संतराम ते बारदान मोटारसायकलला अडकवून जवळा बाजार या गावाला गेला. आठवडी बाजाराच्या गर्दीत कोण काय टाकून गेलं, हे कोणी बघत नाही. पोरी गावात वाटून टाकल्या. मी ओरडत अंगणभर फिरले, तर मांजराचं रडणं अपशकुनी म्हणून माझ्यावर पाणी फेकलं. दर वेताला हेच झालं. माणसांचा राग करायला मी तेव्हा शिकले आणि अजून तो मनापासून करते.

शेवटच्या वेताला एक काळा पोरगा आणि एक तिरंगी पोरगी झाली. नांदेडला कॉलेजात शिकणारी संतरामची नात प्रियदर्शनी तेव्हा सुटीला आली होती. सुमनबाई बारदान झटकायला लागली तशी ती म्हणाली, "आजी, थांब. ह्याचा बाप हळद्याच आहे."

संतराम हसला. "डोळे फुटले का तुझे? कुठं पिवळा हाय त्यो?"

तिनं चुलीतले दोन विझलेले कोळसे, एक हळकुंड आणि एक खडा आणून ओट्यावर मांडले. "मांजराचा काळा-पिवळा रंग ज्या गुणसूत्रावर असतो, तसली मांजरीजवळ दोन असतात. आपल्या काळीजवळ हे दोन कोळसे. बोक्याजवळ तसलं एकच असतं. हळद्याजवळ हे हळकुंड, आणि जोडीला हा खडा. खड्यात हा रंगच नसतो. आता आई प्रत्येक पिलाला एक कोळसा देते. बापानं हळकुंड दिलं तर पोरगी होते, खडा दिला तर पोरगा. मग पोराजवळ रंगाचं काय राहिलं?"

"कोळसा," सुमनबाई म्हणाली.

"म्हणून पोरगा आईसारखा. बापाचा पिवळा रंग पोरींनाच मिळतो. पोरीजवळ कोळसाही असतो आणि हळकुंडही. अंगावर एका जागी हे गप्प बसतं, दुसऱ्या जागी ते, म्हणून ठिगळं दिसतात. पांढऱ्याचं वेगळं, तो नर-मादी कोणालाही येतो. आबा, काळ्या आईच्या पोरीला पिवळं ठिगळ आलं कुठनं? पिवळ्या बापाकडनंच ना? पुरावा तर तुमी गावभर वाटून टाकला!"

मला वाटलं, आता न्याय झाला. संतरामला समजलं, बरोबर समजलं. मग त्यानं विचारलं, "म्हंजे ह्या काळीच्या पोटी पिवळं पोरगं कधीच व्हणार न्हाई?"

"कधीच नाही. पण ह्या तिरंगी पोरीला होऊ शकतं."

"मग पोरगी ऱ्हाऊ द्या. ही काळी कशाला पोसायची? घाला दोघांना बारदानात."

बघा, खरं कळल्यावर माणूस काय करतो ते! आळ होता तोवर मला घर होतं. आळ गेला आणि घरही गेलं. प्रियदर्शनी खूप भांडली, पण संतरामनं मला मानगुटीला धरून पोरासकट आत कोंबलं आणि तोंड सुतळीनं आवळलं. आत हळदीचा धुरळा होता. माझं पोरगं माझ्या पोटाखाली थरथरत होतं.

तेवढ्यात बाहेरून सुमनबाईचा आवाज आला. "प्रिया, माणसात बी आसंच हाय का? पोरगा का पोरगी, त्ये बापाकडनंच ठरतं?"

"व्हय आजी. आईजवळची दोन्ही सारखीच असतात. फरक पडतो तो बापाकडनं."

सुमनबाई नवऱ्याला म्हणाली, "मला आधी पोरीच झाल्या. तुमच्या आईनं बाळंतीण आसताना मला माहेरी धाडलं आन् तुमी खाली मान घालून बसलात. हिचा बाप जन्मला तवा कुठं ह्या घरात मला ताट भेटलं."

"आता काहून काढून राहिली ते?"

"त्ये बारदान सोडा. न्हाई तर तुमीच बसा त्येच्यात."

शेवटी सुतळी तिनंच सोडली आणि हात आत घातला. मी त्या हाताला कडकडून चावले. माझ्या सगळ्या पोरांचा राग त्या चाव्यात होता. रक्त आलं, तरी तिनं हात मागे घेतला नाही. आधी माझ्या पोराला बाहेर ठेवलं, मग मला.

पुढच्या बाजाराला सुमनबाई ते बारदान घेऊन एकटीच एसटीनं जवळा बाजारला गेली. कापसाच्या गाड्यांखाली, हॉटेलांच्या मागे तिनं माझे पोरगे हुडकले. लोक हसले म्हणे. काळे बोके दिसले, पण जवळ एकही आला नाही. का येतील? संध्याकाळी ती रिकामं बारदान घेऊन परतली आणि ओट्यावर बसून मला हाका मारत राहिली. मी गेले नाही.

मित्रांनो, मला तुमचं दूध नको आणि तुमची कीवही नको. पोरगी झाली म्हणून कुठल्या आईला बोल लावू नका. पोरगा बापासारखा दिसत नाही म्हणून तिच्यावर आळ घेऊ नका. एवढंही जमत नसेल तर एकच करा. जवळा बाजारला काळा बोका दिसला, तर हातातला दगड खाली टाका आणि त्याला सांगा, तुझ्या आईनं तुला टाकलं नव्हतं.