पंचेचाळीस डॉलरचं घड्याळ

शनिवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी प्रॉसर सोनाराने मला पहिल्यांदा चावी दिली आणि कानाशी धरलं. तिथून माझं आयुष्य सुरू झालं. मी खिशातलं घड्याळ बोलतोय, अमेरिकेतलं, एका रेल्वेवाल्याचं.

तसा जन्म कारखान्यातला. पण तिथून आम्ही नुसतं यंत्र म्हणून निघतो, पत्र्याच्या लहानशा डबीत, उघडेवाघडे. अंगावरचं कवच गिऱ्हाइकाने दुकानात निवडायचं, ऐपतीप्रमाणे सोन्याचं, चांदीचं, नाहीतर निकेलचं. म्हणून आमची नवेपणीची किंमत अशी एक नसतेच. यंत्राची वेगळी, कवचाची वेगळी, आणि वर दुकानदाराच्या जिभेची वेगळी.

त्या दिवशी एमिल लिंडाल दुकानात आला. नेब्रास्कात मालगाडीच्या डब्यांचे ब्रेक आवळायचं त्याचं काम. दोन गाड्या समोरासमोर आपटल्यापासून रेल्वेने नियम कडक केला होता. नोकरी हवी तर पसंतीला उतरलेलं घड्याळ खिशात हवं, तेही स्वतःच्या पैशाने. आणि घड्याळं तपासायला नेमला होता कोण, तर घड्याळं विकणारा प्रॉसरच. एमिलच्या बापाचं जुनं घड्याळ त्याने दोन बोटांत उचललं आणि नापास म्हणून खाली ठेवलं.

आमची चाकं बारीक लाल खड्यांवर फिरतात. जेवढे खडे जास्त तेवढी किंमत जास्त. रेल्वेला सतरा खड्यांचं पुरत होतं. निकेलच्या कवचासकट ते बावीस डॉलरला होतं आणि तेवढे पैसे एमिलने जमवून आणले होते. मी एकवीस खड्यांचा. माझे पंचेचाळीस.

"सतरावालं घे की," प्रॉसर म्हणाला. "जन्मभर ब्रेकच आवळायचेत ना तुला? ज्यांना गार्ड व्हायचं असतं ते हे नेतात."

एमिलचे कान लाल झाले. उरलेले पैसे आठवड्याने देतो म्हणाला आणि मला खिशात घालून घरी गेला.

घरी बायको हुल्डा आणि सिग्ने, नुकती बसायला लागलेली पोर. हुल्डाच्या अंगावरचं दूध आटलं होतं. पोर वाढत होती ती दारच्या डॅगमार नावाच्या गाईच्या दुधावर. सिग्ने जरा जास्त वेळ झोपली तरी हुल्डा तिच्या नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना. उरलेल्या पैशासाठी गाय विकायची असं एमिल म्हणाला, तेव्हाही तिचं बोट पोरीच्या नाकाशीच होतं.

"रेल्वेला सतरावालं चालतं ना? मग चालू दे की तेच."

"प्रॉसर म्हणतो, त्याने पुढे जाता येत नाही."

"त्याचं काय जातंय म्हणायला? त्याच्या घरात तान्हं नाही."

एमिलने समजूत घातली. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. गार्ड झालो की हिच्याहून चांगली गाय आणू. तोवर दुधाची गाडी येतेच की दारात. हुल्डा गप्प बसली आणि त्याने ते होच धरलं. माणसं असंच करतात, पुढेही मी पुष्कळ पाहिलं.

गाय गेली. विकतचं दूध लांबून, उन्हातून यायचं. शेजारच्या नोव्हाकबाईंनी बजावलं होतं, उकळल्याशिवाय देऊ नकोस गं. हुल्डा उकळायची, वास घ्यायची, परत उकळायची. तरी जुलैत पोरीला जुलाब लागले. गल्लीतल्या आणखी पोरांनाही लागले होते.

दुपारी डॉक्टर आले. त्यांचं घड्याळ पुढे धावायचं, म्हणून त्यांनी एमिलपुढे हात केला. मला त्यांनी सिग्नेच्या मनगटाशी धरलं. तिची नाडी माझ्यापेक्षा किती जोरात पळत होती. तिला धीमं करावं असं फार वाटलं, पण मला माझी एकच चाल येते, दुसरी येत नाही.

"घड्याळ उत्तम आहे हं तुमचं," डॉक्टर मला परत देताना म्हणाले. पोरीबद्दल काही बोलले नाहीत. हुल्डाने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे कधी कुणी पाहिलं नाही, आधी ना नंतर.

दुसऱ्या दिवशी सिग्ने गेली. मी अचूक चालत होतो. पुढच्या तपासणीत प्रॉसरने माझं कौतुक केलं.

शेजारचा नोव्हाकही ब्रेकच आवळायचा; तो एमिलच्या आधी गार्ड झाला. त्याच्या खिशात सतरा खड्यांचं होतं. पुढे एमिलही झाला, एक म्हातारा गार्ड वारला म्हणून. माझा त्यात काडीचा हात नव्हता. दुसरी गाय काही आली नाही. कुणासाठी आणायची?

हुल्डाने मला कधी वेळ विचारली नाही. भट्टीतला पाव अंदाजाने काढायची, कधी करपायचाही. एकदा एमिलने मला टेबलावर ठेवून चाचरत विचारलं, विकून टाकू का हे?

"कशाला?" ती म्हणाली. "राहू दे खिशात. तुला दिसत राहू दे."

पुढे म्हातारपणी एमिल वारल्यावर तीच मला घेऊन प्रॉसरच्या दुकानात आली. गल्ल्यावर आता प्रॉसरचा पुतण्या होता. त्याने विचारलं, "नवं केवढ्याला घेतलं होतं, आजी?"

"पंचेचाळीस," हुल्डा म्हणाली. त्याने दिलं ते न मोजता पिशवीत टाकलं आणि मागे न बघता गेली.

आता मी जुन्या वस्तूंच्या दुकानात काचेआड आहे. स्प्रिंग तुटली आहे, दुरुस्त करावी असं कुणाला वाटत नाही. शेजारी काही यंत्रं उघडीच पडली आहेत; त्यांची सोन्याची कवचं वितळवून विकली. माणसं काचेवर बोट ठेवून विचारतात, नवं असताना केवढ्याचं होतं हो हे? दुकानदार आकडा सांगतो. माणसं हसतात, स्वस्ताई होती म्हणतात आणि पुढे जातात.

मला आता आवाज नाही. तुम्हाला आहे. असं कुणी विचारलं तर नुसता आकडा सांगू नका. हे ज्या आठवड्यात घरात आलं, त्या आठवड्यात त्या घरातून काय बाहेर गेलं ते विचारा, म्हणावं. एवढा निरोप पुढे द्या. ज्यांच्या घरात तान्हं आहे त्यांना आधी द्या.